नियमांतून निघणारी नक्षी

लग्नामुंजींत काढलेलीं छायाचित्रें, एखाद्या यात्रेचें तिकीट, शाळेच्या बक्षीस-समारंभाची निमंत्रणपत्रिका, वर्तमानपत्रांतील कात्रण अशा लहानसहान वस्तु एका वहींत चिकटवून जपून ठेवण्याची हौस पुष्कळ घरांत आढळते. इंग्रजींत जिला स्क्रॅपबुक म्हणतात तिला मराठींत चिकटवही असें सुटसुटीत नांव आहे. ही हौस आजकालची नव्हे. एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेंत ती इतकी फैलावली होती कीं, मार्क ट्वेन या नांवानें प्रसिद्ध असलेले विनोदी लेखक सॅम्युअल क्लेमेन्स यांनीं पानांवर आधींच डिंक लावून ठेवलेली एक चिकटवही योजिली आणि १८७३ सालीं तिचें पेटंट घेतलें. डिंक ओला करावा आणि कात्रण दाबून बसवावें, एवढेंच काम मग उरे.

पुढें छायाचित्रें कागदावर उतरण्याऐवजीं संगणकांत व मोबाइल फोनमध्यें सांठूं लागलीं, तेव्हां चिकटवहीहि त्यांच्या मागोमाग संगणकांत शिरली. पडद्यावर कोरें पान उघडावयाचें, त्यावर छायाचित्रें मांडावयाचीं, भोंवतीं चौकटी, झालरी, तारे, फुलें, फाटक्या कागदाचे कांठ असे अलंकार ठेवावयाचे, खालीं दोन ओळी लिहावयाच्या आणि पान मनासारखें जमलें म्हणजे तें छापून घ्यावयाचें, असा हा उद्योग आहे. कागदी वहींत हे अलंकार कात्रीनें कापीत किंवा ठशानें उठवीत. संगणकावरील पानासाठीं ते कोठून आणावयाचे? त्याला तीन मार्ग आहेत. पहिला, कोणीतरी तयार करून ठेवलेले अलंकारांचे संच विकत अगर फुकट मिळवावयाचे. दुसरा, माऊस हातीं धरून पडद्यावर स्वतः चित्र काढावयाचें. तिसरा मार्ग असा कीं, आकृति स्वतः न काढतां ती कशी काढावी याचा नियम लिहावयाचा आणि प्रत्यक्ष काढण्याचें काम संगणकावर सोंपवावयाचें. संगणकाला समजेल अशा भाषेंत लिहिलेल्या या छोट्या आज्ञापत्रास 'स्क्रिप्ट' म्हणतात. पहिले दोन मार्ग बहुतेकांच्या परिचयाचे असतात. तिसरा मार्ग अवघड आणि केवळ तज्ज्ञांचा अशी समजूत आहे. ती कितपत खरी आहे, आणि त्या मार्गानें जाण्यांत लाभ कोणता, हें पाहण्यासारखें आहे.

नियमावरून नक्षी काढणें मराठी घराला परकें नाहीं. ठिपक्यांची रांगोळी सांगतांना 'पंधरा ते आठ' एवढे दोन आंकडे सांगितले कीं जाणत्या बाईला तें पुरेसें होतें. मधल्या ओळींत १५ ठिपके द्यावयाचे. तिच्या वर आणि खालीं प्रत्येक ओळींत एकेक ठिपका कमी करीत जावयाचें. नव्या ओळीचा प्रत्येक ठिपका आधींच्या ओळींतील दोन ठिपक्यांच्या मधोमध पडला पाहिजे. आणि दोन्ही बाजूंस ८ ठिपक्यांची ओळ आली कीं थांबावयाचें. हिशेब केला तर एकंदर १६९ ठिपके होतात आणि त्यांची सहा सारख्या बाजूंची आकृति बनते. एवढा विस्तार दोन आंकड्यांत सांठविलेला असतो.

ज्यांना ठिपके सरळ ओळींत देतां येत नाहींत त्यांच्यासाठीं भोंकें पाडलेला कागद असतो. तो जमिनीवर पसरून वरून रांगोळी फिरविली कीं ठिपके नीट उमटतात. सोय मोठी आहे. पण त्या कागदावर जेवढीं भोंकें आहेत तेवढेच ठिपके उमटणार. अंगण लहान असो कीं मोठें, कागद बदलत नाहीं. 'पंधरा ते आठ' हा नियम मात्र लहान अंगणासाठीं 'अकरा ते सहा' करतां येतो आणि मोठ्या अंगणासाठीं 'एकवीस ते अकरा' करतां येतो. तयार मिळालेला अलंकार आणि स्क्रिप्ट यांच्यांत नेमका हाच फरक आहे. पहिला भोंकांचा कागद होय. दुसरी 'पंधरा ते आठ' होय.

दक्षिणेकडील कोलम या रांगोळीच्या प्रकाराकडे गणितज्ञांचें लक्ष याच गुणामुळें गेलें. मद्रास ख्रिश्चन कॉलेजांतील गिफ्ट सिरोमनी यांनीं राणी सिरोमनी व कमला कृतिवासन यांच्यासह १९७४ सालीं एक निबंध प्रसिद्ध करून, संगणकशास्त्रांत भाषेच्या व्याकरणासारखे जे नियम वापरतात त्यांच्या साहाय्यानें कोलमच्या आकृती कशा निर्माण होतात याची मीमांसा केली. दारापुढें रोज सकाळीं उमटणारी आणि पायांखालीं पुसली जाणारी ती नक्षी नियमबद्ध असते, हें त्यामुळें शास्त्राच्या भाषेंत मांडलें गेलें.

संगणकाकडून नियमानें चित्र काढवून घेण्याची गोडी मुलांना लावण्याचें श्रेय लोगो या भाषेकडे जातें. ही भाषा १९६७ सालीं अमेरिकेंत वॉली फॉयरझाइग, सीमोर पेपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनीं सिद्ध केली. पुढें तींत एक 'कासव' आलें. त्याला 'शंभर पावलें पुढें चाल', 'नव्वद अंश उजवीकडे वळ' अशा आज्ञा द्यावयाच्या आणि तें चालेल तशी त्याच्या मागें रेघ उमटावयाची. या दोन आज्ञा चार वेळां दिल्या कीं चौरस होतो. चौरस काढून झाल्यावर १० अंश वळावयाचें व पुन्हां चौरस काढावयाचा, असें ३६ वेळां केलें कीं ३६० अंशांचा फेरा पुरा होऊन एक भरगच्च गोल फूल तयार होतें. त्यांत ३६ चौरसांच्या मिळून १४४ बाजू असतात. त्या हातानें, एकहि कोन न चुकवितां, काढावयाच्या म्हणजे सराईत चित्रकाराचीहि परीक्षाच. स्क्रिप्टमध्यें तें काम दोन-तीन ओळींत होतें. नक्षीमध्यें पुनरावृत्तीला फार महत्त्व असतें, आणि न कंटाळतां पुनरावृत्ति करणें हाच संगणकाचा मोठा गुण आहे.

चिकटवहींत नेहमीं लागणारा एक अलंकार म्हणजे कांठाला झालर असलेली चकती. छायाचित्राच्या कोपऱ्यांत तारीख किंवा नांव लिहिण्यास ती सोयीची पडते. तिचा नियम कसा बांधावा हें पाहिलें म्हणजे सर्व रीत ध्यानांत येईल. एक केंद्र धरावें. त्याच्यापासून ५०० बिंदूंच्या अंतरावर, वर्तुळाच्या परिघावर, सारख्या अंतरानें १२ जागा ठरवाव्या. ३६० भागिले १२, म्हणजे दर ३० अंशांवर एक जागा आली. प्रत्येक जागेचें केंद्रापासूनचें आडवें अंतर काढण्यासाठीं ५०० ला त्या कोनाच्या कोसाइननें गुणावें, उभें अंतर काढण्यासाठीं साइननें गुणावें. शाळेंतील त्रिकोणमितीचा एवढाच भाग येथें लागतो. मग प्रत्येक जागीं एक लहान वर्तुळ काढावें आणि बाराहि जागा सरळ रेषांनीं जोडून मधला भाग भरून टाकावा. झालर तयार झाली.

परंतु लहान वर्तुळ केवढें असावें? तें फार लहान घेतलें तर दोन पाकळ्यांमध्यें फट राहते. फार मोठें घेतलें तर पाकळ्या एकमेकींवर चढून झालर सपाट दिसूं लागते. शेजारचीं वर्तुळें एकमेकांस नेमकीं टेकावयाचीं असतील तर १८० ला पाकळ्यांच्या संख्येनें भागून येणारा कोन घ्यावा आणि मोठी त्रिज्या त्याच्या साइननें गुणावी. येईल ती लहान वर्तुळाची त्रिज्या. पाकळ्या १२ असतां हा कोन १५ अंशांचा होतो व त्रिज्या सुमारें १२९ बिंदूंची येते. पाकळ्या १६ केल्या तर ती सुमारें ९८ होते, आणि २४ केल्या तर सुमारें ६५.

नवशिक्याची स्क्रिप्ट आणि जाणत्याची स्क्रिप्ट यांत भेद पडतो तो येथें. नवशिका १२९ हा आंकडाच लिहून ठेवतो. त्याची झालर बारा पाकळ्यांपुरती सुबक असते. पाकळ्या सोळा केल्या कीं ती बिघडते. जाणता १२९ हा आंकडा लिहीत नाहीं. तो कोठून आला तें लिहितो. मग पाकळ्यांची संख्या तेवढी बदलली कीं बाकीचें सर्व आपोआप जुळतें. बदलतां येण्याजोगे आंकडे थोडे असावे आणि उरलेले सर्व त्यांच्यापासून निघावे, हें चांगल्या स्क्रिप्टचें लक्षण होय.

ही एक रीत हातीं आली कीं दुसरे अलंकार दूर राहत नाहींत. पांच टोकांच्या ताऱ्याला दहा बिंदु लागतात. ते दर ३६ अंशांवर एक याप्रमाणें, आळीपाळीनें बाहेरच्या व आंतल्या वर्तुळावर घ्यावयाचे असतात. आंतल्या वर्तुळाची त्रिज्या बाहेरच्या त्रिज्येच्या ०.३८२ पट ठेवली तर ताऱ्याच्या कडा एकमेकींच्या सरळ रेषेंत येऊन नेहमींचा परिचित तारा मिळतो. ती ०.६ पट केली कीं तारा गुबगुबीत होतो; ०.२ पट केली कीं काटेरी होतो. चंद्रकोर काढावयाची तर एका वर्तुळांतून दुसरें वर्तुळ वजा करावें. मोठ्याची त्रिज्या १०० आणि लहानाची ८० असली, तर लहान वर्तुळाचें केंद्र २० पेक्षां कमी सरकविल्यास कोर होतच नाहीं, एका बाजूस जाड असलेलें कडें होतें. बरोबर २० सरकविल्यास कडें एका बिंदूपाशीं इतकें बारीक होतें कीं तुटण्याच्या बेतास येतें. २० च्या पुढें गेलें कीं तें उघडतें आणि दोन टोकांची चंद्रकोर दिसूं लागते. कपाळावरच्या चंद्रकोरीचा डौल हवा असेल तर २० च्या पुढें थोडथोडें सरकवीत डोळ्यांनींच ठरवावें लागतें.

फुलासाठीं तर गणितांत तयार वक्ररेषा आहे. केंद्राभोंवतीं फिरत असतां केंद्रापासूनचें अंतर कोनाच्या एखाद्या पटीच्या कोसाइनप्रमाणें कमीजास्त करीत गेलें कीं पाकळ्या उमटतात. पट विषम असेल तर तितक्याच पाकळ्या येतात, सम असेल तर दुप्पट. म्हणजे तिपटीनें तीन आणि चौपटीनें आठ. इटालियन गणिती गुइदो ग्रांदी यानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत या रेषांचा अभ्यास केला व त्यांना गुलाबावरून नांव दिलें. त्या काळीं एकेक रेषा हातानें बिंदु मांडून काढावी लागे. आतां तेंच काम घरांतील साधा संगणक क्षणांत करतो.

श्रोत्यांच्या मनांत येथें अशी शंका येईल कीं, नियमानें काढलेली आकृति फार रेखीव, फार कोरडी दिसणार. हातानें केलेल्या वस्तूचा जिव्हाळा तींत कोठून येणार? फाटक्या कागदाच्या कांठाचें उदाहरण या शंकेला उत्तर देईल. जुन्या पत्राचा तुकडा फाडून चिकटविल्यासारखा कांठ चिकटवहींत फार शोभतो. तो काढण्यासाठीं सरळ रेषेवरचा प्रत्येक बिंदु मनमानी वर-खालीं हालविला, तर कांठ करवतीच्या दात्यांसारखा दिसतो. खरा कागद तसा फाटत नाहीं. त्याच्या कांठाला आधीं एक मोठी लहर असते, तिच्यावर लहान लहरी असतात आणि त्यांच्यावर बारीक तंतूंची कुसर असते. म्हणून नियम असा करावा : रेषेचा मध्यबिंदु घ्यावा आणि तो थोडा वर किंवा खालीं सरकवावा. रेषेचे जे दोन भाग झाले त्यांचे मध्यबिंदु घेऊन तेहि सरकवावे, पण आधींच्या निम्म्यानें. मग चार भाग, मग आठ. असें दहा वेळां केलें कीं १,०२४ तुकड्यांची रेषा होते आणि ती फाटल्यासारखी दिसते.

किती सरकवावयाचें हें संगणक सोडतीप्रमाणें ठरवितो. तथापि त्याची सोडत देखील एका नियमानेंच निघते, आणि त्या नियमाला आरंभीं एक आंकडा द्यावा लागतो. त्याला 'बीज' म्हणण्यास हरकत नाहीं. त्याच संगणकावर, त्याच स्क्रिप्टला तेंच बीज पुन्हां दिलें तर तोच कांठ पुन्हां फाटतो. बीज बदललें कीं नवा कांठ. म्हणून जो कांठ पसंत पडला त्याचें बीज टिपून ठेवावें. न टिपल्यास तो कांठ पुन्हां सांपडणें कठीण.

प्रत्यक्ष लिहूं लागल्यावर कांहीं अडचणी हटकून येतात. पहिली मापाची. संगणकाच्या बहुतेक भाषा कोन अंशांत मोजीत नाहींत, रेडियनमध्यें मोजतात. त्यांच्या हिशेबीं पुरा फेरा ३६० चा नसून सुमारें ६.२८३ चा असतो. अंश तसेच दिले तर झालरीच्या जागा भलत्याच क्रमानें पडतात, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांचा गुंता होतो. दुसरी अडचण दिशेची. शाळेच्या आलेखांत उभें अंतर खालून वर वाढतें. चित्राच्या बहुतेक प्रणालींत तें वरून खालीं वाढतें. तिसरी आरंभाची. शून्य अंश म्हणजे उजवी बाजू, त्यामुळें ताऱ्याचें पहिलें टोक आकाशाकडे न जातां उजवीकडे जातें. प्रत्येक कोनांतून ९० अंश वजा केले कीं तारा सरळ उभा राहतो. या तीन गोष्टी ठाऊक नसल्यामुळें कित्येकजण पहिल्याच दिवशीं हात टेकतात. वास्तविक त्यांची स्क्रिप्ट बहुतांशीं बरोबर असते.

आकृति तयार झाल्यावर ती कोणत्या स्वरूपांत ठेवावी, हाहि विचार आवश्यक आहे. चिकटवहीचें पान पुष्कळदां १२ इंच चौरस असतें. छपाई स्पष्ट यावी म्हणून दर इंचाला ३०० बिंदु धरतात. म्हणजे एका बाजूस ३,६०० आणि सबंध पानावर १,२९,६०,००० बिंदु झाले. केवळ ३०० बिंदु रुंद असलेला अलंकार त्या पानावर एक इंच जागा व्यापतो. तो ताणून चार इंच केला कीं त्याच्या कडा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसूं लागतात. पडद्यावर हें लक्षांत येत नाहीं. छापून आल्यावर येतें. यावर उपाय म्हणजे आकृति बिंदूंच्या रूपांत न ठेवतां रेषांच्या वर्णनाच्या रूपांत ठेवणें. एसव्हीजी हें अशा वर्णनाचें सर्वमान्य स्वरूप २००१ सालीं प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालें. एसव्हीजीची फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. अमुक ठिकाणीं अमुक त्रिज्येचें वर्तुळ, अमुक बिंदूपासून अमुक बिंदूपर्यंत रेषा, अशीं वाक्यें तींत असतात. ती टपाल तिकिटाएवढी छापा कीं भिंतीएवढी छापा, कड तितकीच स्वच्छ राहते. २००३ सालीं सुरू झालेली आणि विनामूल्य मिळणारी इंकस्केप ही प्रणाली अशा फाइली उघडते, आणि तींत पायथन भाषेंतील स्क्रिप्ट जोडतां येतात.

छायाचित्रांच्या शेजारीं ठेवण्यासाठीं बिंदुरूप चित्रच हवें असेल तर तें पीएनजी या स्वरूपांत ठेवावें. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या या स्वरूपांत पारदर्शकता सांठवितां येते, म्हणून ताऱ्याच्या भोंवतालचा भाग कांचेसारखा राहून खालचा कागद दिसतो. छायाचित्रांसाठीं सर्रास वापरल्या जाणाऱ्या जेपेगमध्यें ही सोय नसते. त्यांत ठेवलेल्या ताऱ्याभोंवतीं एक पांढरा चौकोन येऊन बसतो. जिंप ही दुसरी विनामूल्य प्रणाली बिंदुरूप चित्रांसाठीं आहे. बर्कली येथील विद्यापीठांतील स्पेन्सर किंबल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनीं १९९५ सालीं तिचा आरंभ केला. तींत स्किम या भाषेवर आधारलेली, खास स्क्रिप्ट लिहिण्याची सोय आहे. हीं साधनें मिळविण्यास पैसा लागत नाहीं. थोडा वेळ आणि चिकाटी लागते.

इतका खटाटोप करण्यापेक्षां तयार संच घेणें सोपें नाहीं काय? सोपें आहे, आणि ज्याला एकच पान करावयाचें आहे त्यानें तसें खुशाल करावें. परंतु चिकटवही ही एका पानाची वस्तु नसते. समजा, एका घरीं आजीच्या पंचाहत्तरीनिमित्त चाळीस पानांची वही केली. सर्व पानांवर एकाच झालरीची चकती घेऊन तींत प्रसंगाचें साल लिहिलें. कांहीं वर्षांनीं आजी निवर्तली. तिच्या तरुणपणच्या छायाचित्राचें पान मोठें करून भिंतीवर लावावें असें घरच्यांस वाटलें, आणि नातीला त्या वहींत आणखी चार पानें, त्याच घडणीचीं, घालावीशीं वाटलीं. अलंकार तयार संचांतला असेल तर तो ताणला जाईल तेवढाच मोठा होणार. तो जेथून आणला तें दुकान राहिलें असेलच असें नाहीं. त्याच्या वापराच्या अटी काय होत्या हें कोणास आठवत नाहीं. झालर स्क्रिप्टनें काढलेली असेल, आणि ती स्क्रिप्ट वहीच्या फाइलींबरोबर जपून ठेवलेली असेल, तर नात एक आंकडा बदलील आणि आजीच्या पानाला साजेशी झालर हव्या त्या मापाची तिच्या हातीं येईल.

यासाठीं स्क्रिप्ट लिहितांना एक पथ्य अवश्य पाळावें. संगणकानें वाचूं नये पण माणसानें वाचावें असा मजकूर स्क्रिप्टमध्यें खूण करून लिहितां येतो. त्यांत ही आकृति कशासाठीं केली, केव्हां केली, कोणता आंकडा बदलला असतां काय होतें, कोणतें बीज पसंत केलें, हें दोन-चार ओळींत लिहून ठेवावें, आणि तें मराठींत लिहावें. पायथन भाषेची तिसरी आवृत्ति २००८ सालीं निघाली, तेव्हांपासून आंकड्यांना दिलेलीं नांवेंहि देवनागरींत चालतात. प्रत्यक्ष संख्या मात्र इंग्रजी अंकांत लिहावी लागते. 'पाकळ्या', 'त्रिज्या', 'बीज' अशीं नांवें दिलेली स्क्रिप्ट घरांतील कोणासहि वाचून समजूं शकेल.

तयार संचांची आणखी एक मर्यादा आहे. त्यांत जें घालावें असें संच करणाऱ्याला वाटलें तेंच असतें. दुसऱ्या देशांतील सणांसाठीं केलेल्या संचांत आंब्याच्या पानांचें तोरण किंवा हळदीकुंकवाच्या पानावर शोभेल अशी चंद्रकोर सांपडेलच असा भरंवसा नाहीं. तोरण हें तर स्क्रिप्टला फार अनुकूल : एक पान काढावयाचें आणि तें सैल दोरीच्या वक्र रेषेवर सारख्या अंतरानें टांगीत जावयाचें. ज्याचा हात चित्रकलेंत चालत नाहीं, पण मनांत आकृति स्पष्ट आहे, त्याला हा मार्ग मोठा आधार देतो. आवडलेली स्क्रिप्ट दुसऱ्याला द्यावी. तो तींतले आंकडे बदलून स्वतःच्या घराला साजेशी करून घेईल. रांगोळीचे नियम शेजारणीकडून शेजारणीकडे असेच गेले आहेत.

या सोयीबरोबर एक धोका येतो, तोहि सांगितला पाहिजे. हातानें शंभर तारे काढावयाचे तर काढणारा दहाव्या ताऱ्याला थांबतो. संगणक थांबत नाहीं. शंभर तारे फुकट मिळाले कीं ते सर्व पानावर ठेवण्याचा मोह होतो, आणि मधलें छायाचित्र त्या गर्दींत हरवतें. म्हणून एका पानावर एकाच जातीची नक्षी ठेवावी. तिचे आकार दोन किंवा फार तर तीन असावे. पान करून झाल्यावर तें हातभर लांब धरून पाहावें. पहिल्यानें माणसाचा चेहरा दिसला तर नक्षी योग्य आहे. पहिल्यानें झालर दिसली तर ती कमी करावी. किती पाकळ्या, किती तारे, केवढी कोर हें ठरविण्याचें काम कोणत्याहि स्क्रिप्टला सांगतां येत नाहीं. तें पान करणाऱ्याच्या डोळ्यांनीं आणि ज्याच्यासाठीं पान करावयाचें त्याच्याविषयींच्या मायेनें ठरतें.

सारांश, या मार्गाला लागणारें गणित शाळेच्या पलीकडचें नाहीं, साधनें विनामूल्य आहेत आणि अडचणी ठाऊक असल्या तर ओलांडण्याजोग्या आहेत. ज्याच्या घरीं जुन्या छायाचित्रांची पेटी आहे त्यानें एखाद्या रविवारीं बारा पाकळ्यांच्या झालरीपासून आरंभ करावा. पहिल्या दिवशीं ती वांकडी आली तरी हरकत नाहीं. नियम एकदां बरोबर उतरला म्हणजे तो घरांत राहील, आणि पुढें जो कोणी ती वही उघडील त्याला तींत स्वतःचें एक पान घालतां येईल.